मदत हवी आहे: चेकर्समध्ये तीन राजे विरुद्ध दोन, तरी डाव बरोबरीत

आम्ही ६४ घरांच्या पटावर, प्रत्येकी १२ सोंगट्यांनी खेळतो. साधी सोंगटी मागे मारत नाही, राजा (पलीकडच्या टोकाला पोचलेली सोंगटी) एकच घर सरकतो, मारणं सक्तीचं. (लांब पल्ल्याच्या राजाचे नियम सांगू नका, तो खेळच वेगळा.)

सुरुवात आणि मधला डाव बरा जमतो. मागच्या ओळीतल्या दोन सोंगट्या जागेवर ठेवायच्या, मधली घरं धरायची, एक देऊन दोन मारायच्या, हे अंगवळणी पडलंय. अडतं ते शेवटी. माझे तीन राजे, समोरच्याचे दोन. तो एकेक राजा समोरासमोरच्या दोन डबल कॉर्नरमध्ये, म्हणजे कोपऱ्यातल्या पांढऱ्या घराला लागून असलेल्या काळ्या घरांच्या जोडीत ठेवतो आणि नुसता आत-बाहेर करत बसतो. दोन विरुद्ध एक असेल तर डबल कॉर्नरमधूनही राजा बाहेर काढता येतो, ते मी शिकलोय. म्हणजे एकास एक अदलाबदल झाली की काम झालं. पण तीच होत नाही.

तिन्ही राजे एकाच कोपऱ्यावर नेले, तर दुसरा मागून येऊन त्रास देतो. दोन इकडे, एक तिकडे असं वाटून पाहिलं, तर कोंडी सैल पडते. संगणकाशी खेळून सराव केला. तो जिंकून दाखवतो, पण का ते सांगत नाही! ‘चाल’ कोणाच्या बाजूने आहे, म्हणजे शेवटी समोरच्याला अडवणं कोणाला जमेल, हे सोंगट्या मोजून ठरवतात, तेही वाचलंय, पण इथे ते कसं लावायचं ते उमगत नाही.

तर, अदलाबदलीची सक्ती करायला तीन राजे नेमके कुठे उभे करायचे, आणि त्या वेळी चाल माझी हवी की त्याची?