"मन मोकळं करायचं तर घरी करा" याला माझं उत्तर

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

परवा 'हिशेबनीस' सरांनी इथे लिहिलं की आपल्या संघटनेच्या यंदाच्या मेळाव्यात समंत्रकांच्या, म्हणजे मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांवर रविवारी शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांच्या, मनःस्वास्थ्यासाठी अर्धा दिवस ठेवणं म्हणजे वेळ वाया घालवणं. त्यांचे शब्द असे: "मानधन थकलेलं असताना श्वास आत, श्वास बाहेर कसलं करता? संघटना हक्कासाठी असते. मन मोकळं करायचं तर घरी करा." दोन दिवस गप्प बसले, पण ते 'घरी करा' काही डोक्यातून जाईना.

सर, घरी कुणाकडे करू? सोमवार ते शनिवार माझी शाळा. रविवारी सकाळी केंद्राचं कुलूप मीच काढते, बाकं मीच पुसते, कारण शिपाई रविवारचा येत नाही. मग संपर्कसत्र, म्हणजे विद्यार्थ्यांचा रविवारचा वर्ग. समोर बसलेली माणसं कोण, तर पोराला सासूकडे ठेवून आलेली अंगणवाडी सेविका, रात्रपाळी करून थेट आलेला वॉचमन. मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या एक बाई वर्गात रडायला लागल्या. नवऱ्याने पुस्तकं चुलीत घातली होती. मी त्यांना माझी पुस्तकं दिली, पाणी दिलं आणि पुढचं प्रकरण शिकवलं. घरी गेल्यावर हे कुणाला सांगणार? नवरा म्हणतो, एवढ्याशा पैशांसाठी रविवार कशाला घालवतेस? त्याचंही चुकत नाही.

कॉलेजच्या प्राध्यापकांना स्टाफरूम असते. तास संपला की खुर्चीत बसून "आज काय झालं माहितेय का" म्हणायची सोय असते. आपल्याला ती नाही. माझ्या केंद्रावर माझ्या विषयाची मी एकटी. आपली स्टाफरूम म्हणजे ही संघटना, दुसरी कुठली नाही.

२२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर विसरलात का? पाणी ओसरल्यावर मी केंद्रावर गेले तेव्हा लाकडी कपाट फुगून बसलं होतं, दार पहारीने उघडावं लागलं. आत विद्यार्थ्यांच्या गृहपाठांचे गठ्ठे. जेलपेनाने लिहिलेलं सगळं धुऊन गेलं होतं, बॉलपेनाचं तेवढं वाचता येत होतं. मी त्या चिखलात बसून रडले, लाज कसली. दुसऱ्या दिवशी दापोलीचे एक सर खराटे आणि पाण्याचे कॅन घेऊन हजर. सावर्ड्याच्या एक मॅडम गठ्ठे घरी घेऊन गेल्या, पान-पान सुटं करून पंख्याखाली वाळवलं, वर इस्त्री फिरवली. आठवड्याने आणून दिलं तेव्हा प्रत्येक गठ्ठ्याला नवी सुतळी. ही दोघं मला कुठे भेटली होती? मेळाव्यातच ना? त्या दिवशी त्या ओळखीने मला उभं केलं. मानधनाचा ठराव तेव्हा कुठे होता?

हिशेबनीस (रत्नागिरी)

माझं वाक्य अर्धंच उचललंत. मी असंही लिहिलं होतं की दोन सत्रांचं मानधन आलेलं नाही आणि प्रवासभत्त्याच्या फॉर्मवर 'एसटीचं मूळ तिकीट जोडावे' असं लिहून येतं. दुचाकीने खाडी फिरून येणाऱ्याने तिकीट कुठून आणायचं? थकवा येतो तो यानेच. जे औषधाने बरं होईल त्यावर गंडा बांधू नका.

मी २०१३ पाहिलंय. तेव्हा मी पूर्णवेळ नोकरीत होतो. सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि १९९१ ते २००० मध्ये लागलेल्या, नेट-सेट ही पात्रता परीक्षा पास नसलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न, यासाठी राज्यभर परीक्षेच्या कामावर बहिष्कार होता. फेब्रुवारीपासून मेपर्यंत. ७१ दिवसांचा पगार अडकला, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. त्या दिवसांत कुणी आम्हाला डोळे मिटून बसायला सांगितलं नाही, तरी संघटना टिकली. कशामुळे? मागणी एक होती आणि ती साऱ्यांना पाठ होती, म्हणून.

आणि आपण कोकणातले आहोत. महर्षी धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरुडहून साताऱ्याला पावसातून चालत गेले होते, परीक्षेसाठी. कुणाकडे मन मोकळं केलं त्यांनी?

वाशिष्ठीकाठ

कर्व्यांचं नाव काढलंत ते बरं झालं. एवढं चालून साताऱ्याला पोचल्यावर त्यांना 'वयाने लहान दिसतोस' म्हणून परीक्षेला बसू दिलं नाही, हे का गाळलंत? पुढे त्यांनी काय केलं तेही सांगा. 'मी चाललो, तुम्हीही चाला' असं म्हणाले नाहीत ते. मुरुडच्या लोकांकडून कमाईतला वाटा गोळा करून मुरुड फंड उभा केला. १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. एकट्याने सोसणं हा त्यांचा आदर्श नव्हता हो.

तेरेखोल (सावंतवाडी)

विषय चालू आहे तर विचारतो. अर्धा दिवस ठेवा नाहीतर पूर्ण ठेवा, मेळावा परत रत्नागिरीतच का? गेली चार वर्षं रत्नागिरी. आमका कोण इचारता? १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा झाला, ही बातमी संघटनेपर्यंत अजून पोचलेली दिसत नाही. रविवारी पहाटे घर सोडायचं, गाडीत उभ्याने यायचं, दुपारी जेवणाच्या पंगतीला पोचायचं आणि चहाआधी परतीच्या गाडीसाठी पळायचं. त्या मनःस्वास्थ्याच्या सत्राला मी असणारच नाही. कुडाळला घ्या, मग बोलू.

मंडणगडवाला

कुडाळला? सर, तुमच्या जिल्ह्यात सावंतवाडी, कुडाळ, कणकवली, वैभववाडी एवढी स्टेशनं आहेत. आमच्या मंडणगडात रूळच नाही. दापोलीत नाही, गुहागरात नाही. खेडपर्यंत आधी एसटीने यायचं, मग गाडी. कुडाळला यायचं तर मला आदल्या दिवशी निघावं लागेल आणि मुक्कामाचा खर्च खिशातून. रत्नागिरी मध्यावर आहे म्हणून तिथे होतो, कुणाच्या प्रेमापोटी नाही.

तेरेखोल

मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात तरी कुठे रूळ आहेत? त्यांनी काय करायचं? 'मध्यावर' म्हणजे कुणाच्या मध्यावर? नकाशा उघडा. आमच्या तीन समंत्रकांनी या अंतरापायी वर्गणी भरणं सोडलं. त्यातल्या एकाला गेल्या वर्षी छातीत दुखून गोव्यात ॲडमिट केलं, संघटनेतलं कुणी भेटायला गेलं नाही. चिपळूणला पूर आला तेव्हा खराटे घेऊन गेलात, चांगलं केलंत. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात आमच्या केंद्राचे पत्रे उडाले होते, तेव्हा कोण आलं?

मंडणगडवाला

निसर्ग वादळात, ३ जून २०२०, आमची आख्खी बागायत आडवी झाली. आमच्याकडेही कुणी आलं नव्हतं. मग काय हिशेब मांडायचा, कुणाचे पत्रे जास्त उडाले? हायवेचं काम २०११ पासून चाललंय. तो झाला असता तर हा वादच नसता.

हिशेबनीस

हायवे आणू नका मध्ये! दरवेळी इथेच गाडी रुतते. मानधनाबद्दल एक अक्षर कुणी लिहिलं का? हेच माझं म्हणणं आहे.

तेरेखोल

सर, ओरडू नका. प्रवासभत्ता तुमचाच मुद्दा ना? मग अंतर हा हायवेचा विषय कसा झाला? ज्यांना घरी जेवून मेळाव्याला येता येतं त्यांनी आम्हाला विषय सोडून बोलू नका म्हणून सांगू नये.

तासिकावाला (लांजा)

मी इथे सहसा लिहीत नाही. आठवडाभर कॉलेजात तासिका तत्त्वावर, रविवारी समंत्रक. वय ३४, लग्न ठरत नाही, कारण 'नोकरी पक्की आहे का' याला माझ्याकडे उत्तर नाही.

वाशिष्ठीकाठ मॅडम, तुमचा हेतू मला पटतो, पण सत्राला मी येणार नाही. त्याच खोलीत माझे केंद्रसंयोजक बसणार. पुढच्या वर्षी मला तास द्यायचे की नाही, हे त्यांच्या हातात. त्यांच्यासमोर मी 'मला झोप लागत नाही' म्हणू? सोमवारी पहिली चर्चा तीच होईल, की हा पोरगा कच्चा आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री फारच झालं तेव्हा मी १४४१६ वर, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावला. मराठीत बोलता आलं, ती बाई शांतपणे ऐकत होती. तिला माझं नाव ठाऊक नव्हतं म्हणूनच बोललो. संघटनेत सगळ्यांना माझं नाव ठाऊक आहे.

वाशिष्ठीकाठ

तासिकावाला सर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी स्वतः केंद्रसंयोजकांशी भांडू शकते, कारण माझी शाळेची नोकरी कायम आहे. तुमच्यासारख्यांचा विचार न करता मी 'आपली स्टाफरूम' लिहून मोकळी झाले. चूक माझी. संयोजकांना त्या वेळी वेगळ्या खोलीत बसवायला हवं. आणि तुम्ही तो फोन लावलात, फार बरं केलंत.

दुपारची पाळी (राजापूर)

मी समंत्रक नाही, विद्यार्थिनी आहे. माझ्या मॅडमनी हा धागा दाखवला. वय ४३, काजूच्या कारखान्यात सोलणीला आहे, बीएचं दुसरं वर्ष. काजूच्या चिकाने बोटांची साल जाते, त्या बोटांनी पेन धरायला त्रास होतो. पहिल्या रविवारी मॅडमनी माझा हात बघितला. त्या काही बोलल्या नाहीत, पुढच्या रविवारी जाड पेन आणून दिलं. म्हणून मी टिकले.

यंदा मॅडम सुकल्यासारख्या वाटतात. वर्गात हसत नाहीत. आम्ही सात जणी आहोत, आम्हाला कळतं. विचारायचं कसं हे कळत नाही, त्या मॅडम, आम्ही विद्यार्थिनी. तुमच्यात कुणी त्यांना विचारणारं असेल तर विचारा. पैसे द्यायचे ते वेळेवर द्याच, पण विचारासुद्धा.

हिशेबनीस

ताई, तुमचं दोनदा वाचलं.

वाशिष्ठीकाठ मॅडम, एक गोष्ट मी वर लिहिली नव्हती. २०१३ मध्ये पगार अडकला तेव्हा माझ्या मुलीची दहावीच्या क्लासची फी एका सहकाऱ्याने मला न विचारता भरली. त्याचाही पगार अडकलाच होता, पण बायको बँकेत होती. पैसे परत द्यायला गेलो तर म्हणाला, आधी बस, चहा घे. तासभर बसलो आणि जे घरी बोललो नव्हतो ते बोललो. तेव्हा त्याला कुणी मनःस्वास्थ्य म्हणत नव्हतं, मलाही तो शब्द आज आवडत नाही. पण आंदोलन मागणीच्या जोरावर टिकलं असं जे लिहिलं ते पूर्ण खरं नाही, एवढं मान्य करतो. 'घरी करा' हे मागे घेतो. बाकीचं नाही.

सत्र ठेवा. पण तीन अटी. मानधनाचा ठराव सकाळी पहिला, हजेरी पूर्ण असताना. मुंबईहून पाहुणा वक्ता आणायचा नाही, ते पैसे लांबून येणाऱ्यांच्या भाड्याला. आणि तासिकावाला म्हणतात तसं, संयोजक बाहेर. मीही संयोजक आहे, मीही बाहेर बसेन.

वाशिष्ठीकाठ

पहिल्या दोन मान्य. बाहेर बसण्यापेक्षा संयोजकांनी त्या वेळात थकीत मानधनाची केंद्रवार यादी करावी, तीही कामच आहे.

तेरेखोल

भाडं मिळणार असेल तर आमच्याकडचे चौघे येतील, वर्गणी सोडलेल्या तिघांनाही फोन करतो. पण पुढच्या वर्षीचं ठिकाण कुडाळ किंवा कणकवली, हा ठराव याच मेळाव्यात घ्या आणि इतिवृत्तात लिहा. तोंडी नको.

मंडणगडवाला

कणकवली चालेल. कुडाळला माझा विरोध नोंदवा. यंदा मी गाडी घेऊन येतोय. खेड स्टेशनच्या बाहेर सकाळी साडेसहाला थांबेन, तीन जागा आहेत. चिपळूणहून येणाऱ्यांनी आदल्या रात्री कळवा.