तिसरीच्या मुलांना चुंबकीय आणि स्थितिस्थापक बल कसे शिकवावे?

प्रश्न : शिक्षिका, परभणी जिल्हा

आमच्या जिल्हा परिषद शाळेत मी तिसरी आणि चौथीचे वर्ग एकत्र शिकवते. मागच्या आठवड्यात मुलांच्या हाती लोहचुंबक दिले, तेव्हा त्यांनी ‘चुंबक धातू ओढते’ असे ठरवले. परंतु पोषण आहाराच्या स्टीलच्या ताटाला ते चिकटेना, म्हणून लगेच ‘चुंबक बिघडले’ असाही निकाल दिला. रबराची, म्हणजे स्थितिस्थापक बलाची, अडचण निराळी आहे. ताणलेले रबर आखडते, हे मुलांच्या इतके अंगवळणी पडले आहे की त्यात बल असते असे त्यांना वाटतच नाही. प्रयोगशाळा नाही. व्याख्या पाठ करून न घेता ही दोन्ही बले कशी समजावून द्यावीत?

उत्तर : निवृत्त विज्ञान शिक्षक, नांदेड

बाई, मुलांचा निष्कर्ष चुकला असला तरी तो त्यांनी स्वतः वस्तू हाताळून काढला आहे, म्हणून तो आपण खोडू नये, त्यांनाच खोडू द्यावा. खुरपे, खिळे, पितळी कुलूप, तांब्याची तार, ॲल्युमिनियमचे पातेले आणि तेच ताट समोर ठेवून, चुंबक लावण्याआधी प्रत्येकाचा अंदाज विचारावा. भांड्यांच्या अनेक प्रकारच्या स्टीलमध्ये लोखंड असूनही निकेल किंवा मँगनीज मिसळल्यामुळे त्याची अंतर्गत रचना बदलते आणि चुंबक त्याला ओढत नाही. तिसरीत मात्र ‘सगळे स्टील सारखे नसते’ एवढेच पुरे.

आपला मराठवाडा बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे, याचा लाभ अवश्य घ्यावा. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोदावरीच्या कोरड्या वाळूत फिरवले की या खडकातून आलेले मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक काळे कण त्यावर उभे राहतात. पिशवी हवीच, कारण उघड्या चुंबकावरून ते कण निघता निघत नाहीत.

उत्तर : शिक्षिका, लातूर

रबरासाठी मी आधी मुलांना डोळे मिटायला सांगते. दोन्ही हातांच्या बोटांत रबरबँड ताणून धरल्यावर ‘कोणत्या हाताला ओढ बसते?’ असे विचारले की ‘दोन्ही’ हे उत्तर त्यांच्याकडूनच येते, आणि रबर ओढते ही गोष्ट त्यांच्या बोटांना आधी कळते.

त्यानंतर एका बलाने दुसरे मोजावे. चुंबक बाकाला घट्ट बांधून त्यावर लोखंडी वायसर ठेवावा, वायसरला रबरबँड अडकवून हळूहळू वर ओढावे आणि वायसर सुटण्याच्या क्षणी रबर किती लांब झाले होते, ते पट्टीने पाहावे. मग मध्ये वहीचे एक पान, दोन पाने, पाच पाने ठेवत जावे. पाने वाढतात तसे रबर कमी ताणले जाऊनच वायसर सुटतो. स्पर्श न करता ओढणारे चुंबकीय बल डोळ्यांना दिसत नाही, पण इथे रबराच्या लांबीत ते मुलांना दिसते; माझ्या वर्गात हा तास संपवणे मला नेहमीच जिवावर येते.

उत्तर : पालक, बीड

खेळण्यांतील गोळीएवढी शक्तिशाली चुंबके वर्गात कृपया आणू नयेत. दोन चुंबके पोटात गेल्यास ती आतड्याच्या भिंतींमधून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला छिद्र पडू शकते. जुन्या स्पीकरचे मोठे चुंबक वापरावे.

प्रश्नकर्त्या शिक्षिका

सर्वांचे आभार. सायकलच्या ट्यूबची पट्टी चालेल का?

शिक्षिका, लातूर

ती फार जाड पडते, इतक्या ओढीने तिची लांबी वाढलेली दिसणार नाही. नोटांच्या गड्डीचे बारीक रबर घ्यावे. मात्र ते पुन्हा पुन्हा ताणून सैल पडते, म्हणून दर वेळी आधी मोकळ्या रबराची लांबी मोजावी.