प्रोजेक्ट मॅनेजमेंटमध्ये पीएचडी: 'विलंबाची कारणे' आता पुरे करा!

वर्धारोडवाला:
'विदर्भातील बांधकाम प्रकल्पांच्या विलंबास कारणीभूत घटक'. जिल्हा बदलून हाच सिनॉप्सिस (संशोधनाचा आराखडा) आरआरसीपुढे, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या विद्यापीठाच्या समितीपुढे, न्यायला निघालेल्यांनी जरा थांबा. शंभरेक इंजिनिअर-ठेकेदारांना प्रश्नावली वाटायची, १ ते ५ गुण घ्यायचे, निर्देशांक काढायचा आणि घटकांचा क्रम लावायचा. वर काय येतं? भूसंपादन, थकलेली बिलं, ऐनवेळी बदललेली ड्रॉइंग. एवढं तर साइटवरचा सुपरवायझरही चहा पिता पिता सांगेल.

विषय कागदपत्रांतून काढा. समृद्धी महामार्ग बघा: ७०१ किमी, १६ पॅकेजेस (कंत्राटाचे तुकडे), मालक एकच, एमएसआरडीसी, म्हणजे राज्य रस्ते विकास महामंडळ. नागपूर-शिर्डीचे ५२० किमी डिसेंबर २०२२ मध्ये खुले झाले, इगतपुरी-आमणेचे शेवटचे ७६ किमी जून २०२५ मध्ये. तुलनेला इतकी चांगली सोय पुन्हा कुठे मिळणार? मुदतवाढ मागताना ठेकेदारानं दिलेलं कारण आणि हिंडरन्स रजिस्टरमधली (काम कधी, कशानं अडलं ते लिहायची साइटवरची वही) नोंद जुळते का, हे तपासा.

धरमपेठचे सर:
इगतपुरीच्या पुढे कसाऱ्याचा घाट आहे, सुमारे ८ किमीचे जुळे बोगदे आहेत. तिथे वेळ लागणारच, त्यासाठी पीएचडी कशाला? तुलना करायचीच तर सपाट भागातल्या पॅकेजेसची आपसात करा.

आणि प्रश्नावलीला एवढी नाकं मुरडू नका. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ६ वर्षं मिळतात, पुनर्नोंदणी केली तर आणखी २. त्यात कोर्सवर्क, वर नोकरी, घरदार. महामंडळाच्या फायली हाती येईपर्यंत निम्मी मुदत संपलेली असेल. प्रश्नावली निदान तुमच्या हातात असते. ती कशी बनवली, कोणाला दिली, यात ढिसाळपणा होतो ही गोष्ट वेगळी.

निवृत्त_उपअभियंता:
हिंडरन्स रजिस्टरवर एवढा भरवसा? आम्ही ती भरताना पाहिली आहेत. मुदतवाढीचा प्रस्ताव वर पाठवायची वेळ आली की एका बैठकीत, एकाच पेनानं आठ महिन्यांच्या नोंदी होतात. पावसानं बंद पडलेलं काम एप्रिलमध्येही सापडेल तुम्हाला.

वर्धारोडवाला:
काका, मग तेच तपासू ना! पावसाची नोंद सोनेगाव वेधशाळेच्या आकड्यांशी ताडून बघता येते. रजिस्टर खोटं निघालं तरी ते संशोधनच.

निवृत्त_उपअभियंता:
अन् रजिस्टर देणार कोण? माहिती अधिकारात ३० दिवस, मग पहिलं अपील, मग दुसरं. मध्येच कुणी कलम ८ दाखवून ठेकेदाराचं व्यावसायिक गुपित म्हणेल. बसा मग वाट पाहत.

ऑरेंजसिटी_९९:
कशाला डोकेफोड? नावात 'एआय' टाका, लगेच मंजूर.

वर्धारोडवाला:
चारशे ओळींच्या एक्सेलवर कसलं एआय बे? 😄

कुहीवाली:
भाऊ, तुमचं सगळं रस्त्याभोवतीच फिरून राहिलं. गोसीखुर्द धरणाचं कोणाला आठवलं नाही काय? भूमिपूजन १९८८ मध्ये, मूळ अंदाज ३७२ कोटींचा. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प झाला, खर्च १८ हजार कोटींच्याही पलीकडे गेला. कॅगचे अहवाल छापील आहेत, त्यासाठी कोणाच्या दाराशी जावं लागत नाही.

आमच्या तालुक्यातली गावं त्यात उठली. मला एवढंच पाहायचं आहे की पुनर्वसन कामाच्या वेळापत्रकात कुठे बसवतात. गाव उठल्याशिवाय जलाशय पूर्ण भरता येत नाही, म्हणजे ते क्रिटिकल पाथवर हवं, ज्या कामांच्या उशिरानं सगळा प्रकल्पच लांबतो त्या साखळीत. पण बार चार्टवर (वेळापत्रकाच्या तक्त्यावर) भिंत, दरवाजे, कालवे यांचे स्वतंत्र बार आणि पुनर्वसनाची शेवटी एक ओळ असेल, तर उशीर पहिल्या दिवशीच ठरला की नाही?

धरमपेठचे सर:
विषयात दम आहे, मॅडम. पण बाहेरचा परीक्षक पहिलाच प्रश्न विचारेल: एका धरणावरून बाकीच्यांबद्दल काय सांगता? दुसरा: हे व्यवस्थापन की समाजशास्त्र?

कुहीवाली:
जोडीला निम्न वर्धा धरण घेते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वर क्रिटिकल पाथमध्ये दिलंच आहे, सर.

धरमपेठचे सर:
गाईड मिळाला का? सहायक प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त ४ विद्यार्थी, प्राध्यापकाकडे ८. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांना संख्याशास्त्रच येत असेल, तर तुमचं धरण पुन्हा प्रश्नावलीतच जाईल. आधी गाईड बघा, मग विषय.

वर्धारोडवाला:
इथेच आपलं पटत नाही. गाईडच्या सोयीनं विषय ठरतो म्हणून तर तीच ती यादी पुन्हा पुन्हा छापली जाते. केस स्टडी जमणारा सहमार्गदर्शक मागता येतो.

निवृत्त_उपअभियंता:
पोरी, कालव्याच्या कामावर काही वर्षं होतो मी. जुने बार चार्ट कसे वाचायचे ते दाखवतो, रविवारी ये. प्रश्नावली मात्र आणू नको.