बचत गटाच्या वहीतला हिशेब: तुमचे अनुभव लिहा

1992 पासून नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासाच्या राष्ट्रीय बँकेने, गटांना बँकेशी जोडायला सुरुवात केली. आता कर्ज मिळतं, पण हिशेब डोक्यात कधी शिरला, कुठे फसलात, ते लिहा. यशोगाथा पुष्कळ वाचल्यात, त्या नकोत. सुरुवात मीच करते.

गटाची सचिव
दारात येऊन कर्ज देणाऱ्याकडून 10,000 घेतले. ‘व्याज फक्त 12 टक्के.’ वर्षभर महिना 933 चा हप्ता. शेवटी मुद्दल हजाराच्या आत आलं, तरी व्याज चालू होतं पुऱ्या दहा हजारांवरच! बँक सखीने, म्हणजे गटांना बँकेच्या कामात मदत करणाऱ्या बाईने, घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून मांडून दाखवलं, तर दर 21 टक्क्यांच्या वर. आमच्या गटाचे महिना 2 टक्के मला महाग वाटायचे. तेही वर्षाला 24 होतात म्हणा, पण ते व्याज आमच्याच पेटीत पडतं.

पापडवाली
उडदाचे पापड विकून 3,200 आले. डाळ, तेल, पापडखार, पिशव्या वजा जाता 900 उरले. आम्ही खूश! प्रशिक्षणातल्या ताईंनी विचारलं, “मजुरी कुठंय?” दहा जणी, चार दिवस. बाईमागे रोज साडेबावीस रुपये. खुरपायला गेलो असतो तर किती तरी जास्त मिळाले असते. भाव वाढवायचा म्हटल्यावर दोघी रुसल्या, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. तुटलं थोडं. त्या दोघी अजून ऐकवतात.

शेळीवाली
विमा होता. शेळी मेली, तेव्हा तिच्या कानात विम्याच्या ओळखीचा बिल्ला नव्हता. भरपाई नाही. बिल्ला पडला की त्याच दिवशी विमावाल्यांना कळवा बायांनो.

माण तालुक्यातून
म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण सभासद बायकांचे अंगठे. त्या लिहायला शिकल्या, पुन्हा गेल्या, म्हणाल्या, व्याजाचा हिशेब विचारा, तोंडी करून दाखवतो. 1997 ला बँक सुरू झाली. माझी आई अजून अंगठाच लावते, पण तिच्या दुधाच्या हिशेबात डेअरीवाल्याला पैशाची चूक करता येत नाही.

नवीन सभासद
माझ्या खात्याचं कार्ड नवऱ्याकडे असतं, पिनही त्यालाच ठाऊक. गटाच्या खात्याला मात्र आमच्या बायकांच्या सह्या लागतात. म्हणून शिलाईचे पैसे मी आधी गटात भरते, मग घरी सांगते.