सत्तेचाळीस हजार किलोमीटर रुळांचा अर्जेंटिना ट्रकांवर कसा आला?

पारानाकाठी (प्रश्न)

मी खाद्यतेलाच्या आयातीच्या व्यवसायात नोकरीला आहे. आपल्याकडे येणाऱ्या सोयाबीन तेलाचा मोठा वाटा अर्जेंटिनाचा असतो, त्यामुळे जहाज भरण्याच्या वेळी रोसारिओजवळच्या सान लोरेन्सो बंदरावर माझे दोन-तीनदा जाणे झाले. शेवटी गेलो तेव्हा एप्रिल होता, म्हणजे तिकडच्या सुगीचे दिवस. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर धान्याच्या ट्रकांची रांग नजर पोहोचेल तिथपर्यंत लागली होती. चालक ट्रकांच्या सावलीत बसून माते, म्हणजे तिकडचा चहासारखा काढा, पीत होते, आणि त्यांतल्या एकाने सांगितले की तो आदल्या दिवशी सकाळपासून तिथेच उभा आहे.

परतताना आम्ही एका लहान गावात थांबलो. तिथे विटांचे सुबक स्टेशन होते, निलगिरीची रांग होती, पाण्याची उंच टाकी आणि पत्र्याचे धान्यकोठार होते. फक्त गाडी येत नव्हती. फलाटाच्या कडेला कमरेएवढे वाढलेले गवत बाजूला सारले तेव्हा खाली रूळ सापडले. सोबतच्या सर्वेक्षकाकडची टेप लावून पाहिली, तर दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर भरले, म्हणजे थेट आपले ब्रॉडगेज. का कोण जाणे, त्या आकड्याने मला फार वाईट वाटले.

विसाव्या शतकाच्या मध्यावर या देशात सुमारे ४७,००० किलोमीटरचे जाळे होते आणि ते लॅटिन अमेरिकेतले सर्वांत मोठे होते. ज्या धान्यासाठी हे रूळ टाकले, तेच धान्य आज शेजारच्या रस्त्यावरून जाते. तिथले सहकारी दोनच कारणे सांगतात: कोणी म्हणतो की कामगार संघटनांनी रेल्वे बुडवली, तर कोणी म्हणतो की १९९० च्या दशकातल्या सरकारने. एवढे मोठे जाळे एखाद्या दशकात मोडते का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

निवृत्त पीडब्ल्यूआय

माझी सारी नोकरी पीडब्ल्यूआय म्हणून, म्हणजे रुळांच्या देखभालीचा निरीक्षक म्हणून गेली, आणि अर्जेंटिनाच्या रेल्वेविषयी मी निवृत्तीनंतर आवडीने वाचत आलो आहे. तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे की १९९३ साली गाड्या थांबल्या, पण मार्ग त्याच्या कितीतरी आधीपासून मरत होता.

पहिली गाडी १८५७ साली ब्वेनोस आयरिसमध्ये धावली, जेमतेम दहा किलोमीटर. पुढच्या सत्तर वर्षांत, मुख्यतः ब्रिटिश भांडवलावर, पाम्पाच्या गवताळ मैदानात रुळांचा पंखा उलगडत गेला. पंखा हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे, कारण सगळ्या काड्या ब्वेनोस आयरिस, रोसारिओ आणि बाहिया ब्लांका या बंदरांशी येऊन मिळत होत्या. एका काडीवरून शेजारच्या काडीवर जायचे तर बहुतेकदा मुठीपर्यंत येऊनच परत फिरावे लागे. त्यातच दोन रुळांमधल्या अंतराचे मोजमाप तीन तऱ्हांचे: पाम्पात ब्रॉडगेज, पूर्वेकडच्या दोन नद्यांमधल्या प्रांतांत १४३५ मिलिमीटर आणि उत्तरेच्या गरीब प्रांतांत मीटरगेज. हे जाळे धान्य आणि मांस बाहेर नेण्यासाठी विणलेले होते, देशातल्या देशात माणसे जोडणे हा त्याचा मूळ हेतू नव्हता.

१९०७ च्या कायद्याने कंपन्यांना आयात साहित्यावर जकातमाफी मिळाली होती आणि तिची मुदत १९४७ पर्यंत होती. १९३० च्या मंदीनंतर कंपन्यांनी नवी गुंतवणूक जवळजवळ थांबवली. मुदत संपत आलेल्या सवलतीवर आणि घटत्या नफ्यावर कोण नवे रूळ टाकणार? अशा अवस्थेत १ मार्च १९४८ रोजी अध्यक्ष पेरॉन यांच्या सरकारने रेल्वे ताब्यात घेतली. ब्रिटिश कंपन्यांसाठी १५ कोटी पौंड ठरले, आणि युद्धकाळात मांस-धान्य विकून लंडनमध्ये अडकून पडलेली अर्जेंटिनाची शिल्लक त्यात कामी आली. देशभर आनंद झाला, आणि तो खोटा नव्हता. पण हाती आलेली इंजिने, डबे आणि रूळ निम्मे आयुष्य संपलेले होते, आणि नूतनीकरणाला लागणारा पैसा मात्र त्यानंतर कधीच पुरेसा आला नाही.

आता माझ्या कामातली गोष्ट सांगतो. शाखामार्ग बंद करण्याचा निर्णय कागदावर होतो, पण त्याची सुरुवात गँग, म्हणजे रुळांची डागडुजी करणारी टोळी, कमी करण्यापासून होते. दहा माणसांच्या जागी पाच उरली की खडी उपसून साफ करणे राहून जाते, पावसाचे पाणी निचरत नाही, रुळांखालचे लाकडी स्लीपर कुजतात आणि रोज चालत जाऊन रुळांची पकड ठोकून बघणारा कीमन अर्धा मार्ग पाहू शकत नाही. मग अधिकारी जबाबदारीने वेगमर्यादा लावतो: आधी साठ, मग तीस, मग पंधरा. सहा तासांचा प्रवास अकरा तासांचा झाल्यावर उतारू बसकडे वळतो, व्यापारी ट्रक बोलावतो, आणि चार वर्षांनी हिशेब तपासायला आलेला माणूस अगदी खरेपणाने लिहितो की या मार्गाला उत्पन्न नाही. त्याची आकडेवारी बरोबर असते, पण ज्या मार्गाची ती असते तो आधीच उपाशी ठेवलेला असतो. अर्जेंटिनात हे पन्नास वर्षे चालले होते.

१९६१ साली अमेरिकी सेनापती लार्किन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या योजनेत सुमारे एक तृतीयांश मार्ग उखडण्याची शिफारस होती. त्याविरुद्ध कामगारांनी ४२ दिवसांचा संप केला आणि योजना पुरती अमलात आली नाही. १९७६ नंतरच्या लष्करी राजवटीने मात्र कोणाला विचारले नाही. तुकुमान प्रांतातली ताफी व्हिएहो येथील प्रचंड कार्यशाळा १९८० साली बंद झाली. लोकशाही परतल्यावर ती उघडली, मग पुन्हा बंद पडली आणि २००३ साली पुन्हा उघडली. कारागिरांची एक पिढी मधल्या मध्ये विखुरली, आणि चाक नीट कातणारा माणूस जाहिरात देऊन मिळत नसतो.

ताळेबंद

वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण त्यातून तूट हा केवळ देखभालीच्या उपासमारीचा परिणाम होता असा समज होऊ नये. १९५० च्या दशकात या रेल्वेत दोन लाखांहून अधिक नोकर होते, आणि प्रत्येक सरकारने नोकऱ्या देण्याची सोय म्हणून तिचा वापर केला. महागाई भडकत असताना भाडे राजकीय कारणांनी दाबून ठेवले गेले. दुसरीकडे १९३२ पासून राष्ट्रीय रस्ते खात्याला इंधनावरच्या कराचा हक्काचा निधी मिळत होता, आणि त्यातून झालेले पक्के रस्ते बऱ्याच ठिकाणी रुळांना समांतर गेले. स्टेशनला माल आणून देणारे आडवे रस्ते आधी झाले असते, तर चित्र वेगळे दिसले असते.

शिवाय सगळे मार्ग वाचवण्याजोगे नव्हते हेही स्पष्ट म्हणायला हवे. स्पर्धक ब्रिटिश कंपन्यांनी एकमेकींच्या शेजारी टाकलेल्या काही शाखा वर्षातून सुगीपुरत्याच चालत असत. माझा आक्षेप निवड केली याला नाही. निवड केलीच नाही, याला आहे. अध्यक्ष मेनेम यांच्या काळात ‘जी शाखा संप करील ती शाखा बंद होईल’ अशी धमकी दिली गेली, म्हणजे मार्ग ठेवायचा की नाही याचा निकष वाहतूक नसून शिक्षा हा झाला. मार्च १९९३ मध्ये लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांचा खर्च प्रांतांनी उचलावा, नाहीतर गाड्या थांबतील, असे झाले. ब्वेनोस आयरिस प्रांताने आपल्या हद्दीतल्या गाड्या चालवल्या. बहुतेक प्रांतांकडे पैसाच नव्हता. १९८९ साली सुमारे नव्वद हजार असलेले नोकर काही वर्षांत वीस हजारांच्या आत आले. ज्या गावात स्टेशनमास्तर, पॉइंट्समन आणि गँगमन हेच पगारदार होते, तिथले वाण्याचे दुकानही टिकले नाही.

सध्या पुण्यात

मी २०१० ते २०१३ या काळात ब्वेनोस आयरिसमध्ये राहत होते, म्हणून उपनगरी गाड्यांविषयी लिहिते. रस्त्यावर वाहने उजवीकडून चालतात, पण गाड्या ब्रिटिश वळणाप्रमाणे अजून डावीकडून धावतात. पहिल्या दिवशी मुंबईची आठवण येऊन बरे वाटले होते. राजधानीभोवतीच्या या गाड्या १९९३ साली बंद झाल्या नाहीत, त्या खासगी कंत्राटदारांकडे गेल्या. भाडे स्वस्त राहिले, सरकार अनुदान देत राहिले, आणि ते पैसे गाडीत कुठेच दिसत नव्हते. सार्मिएंतो मार्गावर जपानहून आणलेले सुमारे अर्धशतक जुने डबे धावत; दारे उघडी असत आणि उन्हाळ्यात पंखे बंद.

२२ फेब्रुवारी २०१२ च्या सकाळी गर्दीच्या वेळी यातलीच एक गाडी ओन्से या अंतिम स्थानकात थांबलीच नाही आणि टोकाच्या बफरवर आदळली. वेग ताशी २६ किलोमीटरच्या आसपास होता. स्थानकातून चटकन बाहेर पडता यावे म्हणून लोक पुढच्या डब्यांत दाटीने उभे राहत, जसे आपण चर्चगेटला करतो. ५१ माणसे गेली आणि सातशेहून अधिक जखमी झाली. पुढे न्यायालयाने दोन माजी वाहतूक सचिव, कंत्राटदार कंपनीचे प्रमुख आणि चालक या सर्वांना दोषी ठरवले. त्यानंतर चीनहून नव्या गाड्या आल्या आणि २०१५ च्या कायद्याने रेल्वे पुन्हा सरकारकडे आली. माझ्या कार्यालयातली एक सहकारी त्या मार्गावरून रोज येई. त्या दिवसानंतर मी तिला पहिल्या डब्यात चढताना पाहिले नाही.

लांब पल्ल्याचे मात्र अजून धरसोडीचेच आहे. मेंदोसाजवळच्या पाल्मिराची गाडी तीस वर्षांनी, २०२३ साली, सुरू झाली आणि २०२४ साली पुन्हा बंद पडली.

कारंजेकर

हे सगळे वाचताना आमची शकुंतला डोळ्यांपुढे आली. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर, ब्रिटिश कंपनीने वऱ्हाडातला कापूस बाहेर नेण्यासाठी टाकलेली नॅरोगेज. लहानपणी कारंज्याहून दारव्ह्याला जाताना गार्डच खाली उतरून तिकिटे देत असे आणि आई त्याला घरच्यांची खुशाली विचारी. गाडी एवढी हळू चालू लागली होती की माणसे बसनेच जात. नंतर गाडीही थांबली. पीडब्ल्यूआय साहेबांनी लिहिलेला क्रम आम्ही फलाटावर बसून पाहिला आहे.

पारानाकाठी

सर्वांचे मनापासून आभार. एक शंका उरते: सान लोरेन्सोची ती रांग रेल्वे सुधारली तर हटेल का?

निवृत्त पीडब्ल्यूआय

पूर्ण हटणार नाही. पाम्पातले पुष्कळ सोयाबीन बंदरापासून दोनशे-तीनशे किलोमीटरच्या आत पिकते, आणि तेवढ्या अंतरावर शेताच्या बांधापासून थेट बंदरात जाणारा ट्रक रेल्वेला भारी पडतो. खरे नुकसान चाको आणि साल्ता या उत्तरेच्या प्रांतांचे झाले. तिथून बंदर हजार किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही दूर आहे, आणि ट्रकचे भाडे भरून शेतकऱ्याच्या हाती फार थोडे उरते. म्हणूनच गेल्या दशकभरात चिनी कर्जावर बेल्ग्रानो या मीटरगेज मार्गाचे रूळ आणि स्लीपर बदलण्याचे काम तिकडे हाती घेतले गेले, आणि ते धान्य सान लोरेन्सोच्या उत्तरेला तिंबुएसपर्यंत आणण्याची सोय होत गेली. पुढच्या खेपेला वेळ काढून तिंबुएसला जाऊन या आणि टेप बरोबर न्या. तिथे अंतर १००० मिलिमीटर भरेल, आणि रूळ शोधायला गवत बाजूला सारावे लागणार नाही.