लहान बाथरूमला वॉलपेपर: तुम्ही कसा निवडलात?

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलला लागून एक छोटं टॉयलेट आहे, पाहुण्यांसाठी. चार बाय पाच फूट. कमोड, बेसिन, आरसा, बस. आंघोळ तिथे कुणी करत नाही. टाइल्स साडेतीन फुटांपर्यंत, त्यावर कळकट झालेलं डिस्टेंपर. मला तिथे वॉलपेपर लावायचाय. "बाथरूमात कागद?" म्हणून सासूबाई हसतात. नवऱ्याचं म्हणणं, छतापर्यंत टाइल्स लावून मोकळे होऊ. दुकानात इतके कॅटलॉग पुढे टाकले की शेवटी सगळी पानं सारखीच दिसायला लागली. ज्यांनी लावलाय, किंवा विचारपूर्वक लावला नाही, त्यांनी लिहा. कोणता घेतलात यापेक्षा का घेतलात ते वाचायला जास्त आवडेल.

न्यू जर्सी
इकडे आंघोळीची सोय नसलेलं असं टॉयलेट खालच्या मजल्यावर बऱ्याच घरांत असतं. पावडर रूम म्हणतात, आणि वॉलपेपरची हौस लोक तिथेच भागवून घेतात. छोट्या खोलीला फिकट रंग आणि बारीक नक्षी हवी, हे मला अजिबात पटत नाही. बारीक ठिपके इतक्या जवळून बघितले की डोळे दुखतात. मी गडद निळ्यावर हातभर लांबीची केळीची पानं लावली आहेत. दोन मिनिटांसाठी आत जाणारा पाहुणा जरा दचकला तर काय बिघडलं?

पण रोल मोजताना सांभाळ गं. खोली पाच बाय पाच, उंची आठ फूट धर. चार भिंती मिळून १६० चौरस फूट, दार वजा जाता १४०. इथला डबल रोल साडेवीस इंच रुंद आणि ३३ फूट लांब, म्हणजे साधारण ५६ चौरस फूट. भागाकार केला की अडीच येतात, म्हणजे तीन रोल पुरावेत. पुरत नाहीत. भिंत ९६ इंच, वर-खाली कापायला दोन-दोन इंच, म्हणून पट्टी १०० इंचांची. रोल आहे ३९६ इंच. चार इंचांसाठी चौथी पट्टी जाते! रोलमागे तीनच पट्ट्या. भिंतींचा घेर २४० इंच, म्हणजे पट्ट्या १२, आणि रोल चार. मोठ्या नक्षीत सांधे जुळवायला कागद आणखी वाया जातो, तेव्हा नक्षी किती इंचांनी पुन्हा येते ते रोलवर वाचून घे. दुकानदार क्षेत्रफळावर हिशेब करतात. तू पट्ट्यांवर कर.

ठाणे
मी इंटिरियरची कामं करतो. ताई, कॅटलॉग बाजूला ठेवा आणि भिंत बघा. या टॉयलेटच्या पलीकडे काय आहे? आंघोळीचं बाथरूम पाठीला पाठ लावून असेल तर त्या भिंतीत नळाच्या लाइनी असणार. वरच्या मजल्यावरच्यांचा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी वाहून जायची जागा, गळत असेल तर पहिली ओल छताच्या कोपऱ्यात दिसते. लोणा लागलेल्या भिंतीवर तुम्ही काहीही चिकटवा, पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटणारच, कागदाचे काय आणि रंगाचे काय.

एक साधी परीक्षा सांगतो. फूटभर जाड प्लास्टिक घ्या, चारही कडा टेपने भिंतीला घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्या. पाणी प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडे, जमलं तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या बाजूला जमलं तर ती हवेतली वाफ, तिला एक्झॉस्ट फॅन पुरतो. ही परीक्षा पावसाळ्यात करा. मे महिन्यात सगळ्या भिंती पास होतात.

भिंत पास झाली तर पुट्टी, त्यावर प्रायमर, आणि मग कागद. डिस्टेंपर मात्र पूर्ण खरवडून काढायला लावा. गोंद डिस्टेंपरला धरतो, पण डिस्टेंपर भिंतीला धरत नाही. पहिली पट्टी ओळंबा लावून सरळ घ्यायला सांगा, दाराच्या चौकटीला समांतर नको. आपल्याकडच्या चौकटी सरळ असतात असं मानणं हा निव्वळ भाबडेपणा आहे.

डोंबिवली
मी विचार करून नाही लावला. आमच्या मावशी टॉयलेट धुतात म्हणजे मगने पाणी मारतात, आणि मला तसंच धुतलेलं आवडतं. जेटचे शिंतोडेही उडतात. सात फुटांपर्यंत टाइल्स लावल्या, विषय संपला. सासूबाईंना माझा पाठिंबा कळवा.

लंडन
आमचं टॉयलेट जिन्याखाली आहे, छत उतरतं. तिथे उभ्या पट्ट्यांचा कागद घेऊ नये, उतारावर त्या पट्ट्या विचित्र कापल्या जातात. आम्ही दिशाच नसलेली, विखुरलेली पानाफुलांची नक्षी घेतली.

इथे रोलवर खुणा असतात, त्या शिकून घेतल्या की निम्मे कॅटलॉग आपोआप बाद होतात. एक लाट म्हणजे ओल्या स्पंजने हलकेच टिपता येतो, दोन लाटा म्हणजे धुता येतो, तीन म्हणजे जास्त चांगला धुता येतो. लाटेबरोबर ब्रश असेल तर घासलेलंही चालतं. सूर्य रंग टिकण्याबद्दल असतो, बिनखिडकीच्या खोलीत त्याची चिंता नाही. आम्ही नॉन-वोव्हन, म्हणजे न विणता दाबून बसवलेल्या तंतूंचा कागद घेतला. त्यात गोंद कागदाला न लावता भिंतीला लावतात. कागद भिजून फुगत नाही, आणि पुढे कंटाळा आला तर कोरडाच सोलून काढता येतो. बेसिनच्या मागच्या कडेला पारदर्शक सिलिकॉनची बारीक रेघ ओढून घेतली. पाणी वरून झिरपत नाही, खालच्या कडेतून चढतं.

बंगळुरू
भाड्याचं घर असेल तर मागून सोलून चिकटवायचा स्टिकरसारखा कागद. गुळगुळीत ऑइल पेंटवर छान बसतो, खरखरीत भिंतीवर नाही. काढताना हेअर ड्रायरने ऊब द्यायची, मग रंग उखडत नाही आणि डिपॉझिटही शाबूत राहतं.

तोक्यो
इथे वाचून गंमत वाटली, कारण जपानमध्ये टॉयलेटला वॉलपेपर हीच नेहमीची गोष्ट. टॉयलेट वेगळं, न्हाणीघर वेगळं, त्यामुळे टॉयलेट कोरडंच असतं. भिंतींना व्हाइनलचा 'कुरोसु', तो रोलवर नाही, मीटरवर विकतात. रुंदी साधारण ९२ सेंमी, म्हणजे एवढ्याशा खोलीत सांधे फारच कमी. वास शोषणारा प्रकारही मिळतो. भाडेकरूंसाठी आणखी एक: सरकारी मार्गदर्शक सूचनांत भिंतीच्या कागदाचं आयुष्य सहा वर्षं धरलंय, त्यानंतर त्याची किंमत हिशेबात एक येन उरते. घर सोडताना मालक नव्या कागदाचे पूर्ण पैसे मागायला लागला तर हे माहीत असलेलं बरं.

नाशिक
रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून थोडं अवांतर. हिरवा कागद निवडलेल्यांनी घाबरू नये, पण एकोणिसाव्या शतकात तो खरंच घातक होता. शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७७५ साली बनवलेल्या हिरव्या रंगात आर्सेनिक होतं, आणि तो रंग युरोपभर भिंतींवर गेला. सेंट हेलेनावर नेपोलियनच्या घरातल्या कागदाच्या तुकड्यातही पुढे आर्सेनिक सापडलं. ओलसर भिंतीवर बुरशी वाढली की ती त्या रंगापासून विषारी वायू तयार करते, हे गोसिओ या इटालियन शास्त्रज्ञाने १८९०च्या दशकात दाखवलं. आता तो रंग गेला, पण बुरशी तशीच आहे आणि गोंदातला स्टार्च तिला आवडतो. बुरशीनाशक घातलेलाच गोंद मागा. घरी मैद्याची खळ शिजवून काटकसर नको.

पुणे (धागाकर्ती)
सगळ्यांचे आभार. पलीकडे बाथरूम नाही, बेडरूमचं कपाट आहे, हे आधी सांगायला हवं होतं. प्लास्टिक आता जुलैमध्येच चिकटवीन. न्यू जर्सीच्या ताईंसारखा हिशेब केला. टाइल्सच्या वर सहा फूट भिंत उरते, म्हणजे पट्टी ७६ इंचांची, रोलमागे पाच. आमच्याकडचा रोल २१ इंच रुंद, घेर २१६ इंच, पट्ट्या ११. तीन रोल, आणि बराच उरेल. नवऱ्याला आकडे दाखवल्यावर टाइल्सचा आग्रह जरा मंदावलाय. नॉन-वोव्हन, मोठी पानं, रंग मात्र निळा नको, विटकरी.

एकच शंका. आरसा आणि टॉवेलचा रॉड काढून कागद लावला की स्क्रूची भोकं पुन्हा सापडायची कशी?

ठाणे
प्रत्येक भोकात काडेपेटीतली एक काडी खोचा, टोकाचा गुल तोडून टाका नाहीतर डाग पडतो. काडी दोन-तीन मिलिमीटर बाहेर राहू द्या. कागद वरून दाबत नेला की ती टोचून वर येते. आणि तिन्ही रोलांवरचा बॅच नंबर एकच आहे का, ते पैसे देण्याआधी दुकानातच बघा.