नवख्या मुलांना डॉकर द्यायचा की सगळं हाताने बसवायला लावायचं?

मांडवीकाठ
पावसाळ्यात फोंड्याला कॉलेजच्या मुलांसाठी एक दिवसाचं शिबिर घ्यायचं घाटतंय. विषय मीडियाविकी, म्हणजे मराठी आणि कोकणी विकिपीडिया ज्यावर चालतात ते सॉफ्टवेअर. संध्याकाळपर्यंत प्रत्येकाच्या लॅपटॉपवर स्वतःची विकी चालू व्हावी आणि कोडमध्ये एखादा बारीकसा बदल करून बघता यावा, एवढीच अपेक्षा. त्यासाठी एक सोपी वाट डॉकरची, म्हणजे लागणारं सगळं आधीच भरलेला तयार डबा (कंटेनर) चालवणारं सॉफ्टवेअर. आयोजकांत बहुतेकांचं म्हणणं, "डॉकर द्या आणि मोकळे व्हा." माझा याला विरोध आहे.

हाताने बसवणं आता पूर्वीसारखं जिकिरीचं राहिलेलं नाही. कोड आणणारं गिट, मीडियाविकी ज्यात लिहिलंय ते पीएचपी आणि त्याच्या लायब्ररी आणणारं कंपोझर, एवढंच लागतं. मीडियाविकी १.४३ ला पीएचपी किमान ८.१ हवं, उबंटू २४.०४ या लिनक्सवर ८.३ सरळ मिळतं. मग कंपोझरची एक आज्ञा एसक्यूलाइट या एका फाइलीतल्या डेटाबेसवर अख्खी विकी बसवते आणि 'कंपोझर सर्व्ह' म्हटलं की ती ४००० पोर्टवर उघडते. अपाची हा वेबसर्व्हर नको, मारियाडीबी हा वेगळा डेटाबेस नको. पीएचपीचं इंटल एक्स्टेन्शन (वेगवेगळ्या भाषांसाठीची जोड) राहिलं असेल तर एरर त्याचं नाव घेऊन सांगतो. मुलगा ते शोधतो, बसवतो, पुढे जातो. डॉकरमध्ये हाच मुलगा 'डाउन' आणि 'अप' एवढेच दोन शब्द शिकून घरी जाणार.

बॅकबेंचर_फर्मागुडी
सर, "एवढंच लागतं" हे तुमच्या लॅपटॉपवर खरं. आमच्या वर्गात जवळजवळ सगळ्यांकडे विंडोज. त्यावर पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलसाठी टाकलेलं झॅम्प, म्हणजे पीएचपी आणि सर्व्हरचा एकत्र संच, त्यातलं पीएचपी कुठल्या जमान्यातलं ते कोणालाच माहीत नाही. नवीन पीएचपी बसवलं तरी पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) जुनंच आधी सापडतं. मग कंपोझर ओरडतो, आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे बघतो आणि जेवणाची वेळ होते. कंटेनरमध्ये सगळ्यांचं पीएचपी एकच असतं. मला हवा तो एवढाच फायदा.

मांडवीकाठ
अरे पण विंडोजवर डॉकर कशाच्या जिवावर चालतो? सहसा डब्ल्यूएसएल २ च्याच, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवायच्या सोयीच्या. ते बसलं म्हणजे उबंटूचं टर्मिनल हातात आलंच, आणि तिथे तुझं झॅम्प आडवं येत नाही. मग वर आणखी डॉकर कशाला? आठ जीबी रॅममध्ये ब्राउझर, एडिटर आणि डॉकर डेस्कटॉप एकत्र चालवून बघ, पंख्याचा आवाज शेजारच्या वर्गात ऐकू जाईल.

नाइटशिफ्ट_वेर्णा
मांडवीकाठ, तुम्ही शिकवण्याबद्दल बोलताय. मी काम करण्याबद्दल बोलते. एक मुद्दा कोणीच काढला नाही. मराठी विकीवर वर्गातली पानं अकारविल्हे नीट लावायची असतील, ळ, क्ष, ज्ञ जागच्या जागी यायला हवे असतील, तर ती क्रमवारी शेवटी इंटलच्या मागे असलेल्या आयसीयू लायब्ररीकडून येते. तिची आवृत्ती प्रत्येक मशीनवर वेगळी असू शकते. एकाकडे एक क्रम दिसतो, दुसऱ्याकडे दुसरा, आणि दोघं बग शोधत बसतात. मराठीसाठी काम करणाऱ्यालाच एकसारखं वातावरण जास्त लागतं. डॉकर ही चैन नाही हो.

शिवाय शिबिर संपल्यावर कंटेनर आणि त्यातलं पीएचपी एका आज्ञेत जातं, मागे कोडचा फोल्डर तेवढा उरतो. हाताने बसवलेलं पुढच्या सेमिस्टरपर्यंत लॅपटॉपवर सांडलेलं राहतं.

मांडवीकाठ
आयसीयूचा मुद्दा मान्य. पण तो क्रमवारीवर काम करणाऱ्याला लागेल, पहिल्या दिवशी मेनूतला एक शब्द बदलणाऱ्याला नाही.

म्हापशेकर
मीडियाविकीसाठी एके काळी व्हेग्रंट होतं. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या आतच, आख्खं आभासी मशीन उभं राहायचं. तेव्हाही हेच ऐकू यायचं, "एक आज्ञा, सगळं तयार." आता ते वापरा असं फारसं कोणी सांगत नाही. उद्या डॉकरचंही तेच होईल. पीएचपी कुठली फाइल आधी वाचतं, लोकलसेटिंग्ज ही विकीच्या सेटिंगची फाइल कुठून येते, हे ज्याने तेव्हा समजून घेतलं त्याचं काही अडलं नाही.

नाइटशिफ्ट_वेर्णा
भाऊ, या न्यायाने मुलांना सी भाषेपासून सुरुवात करायला लावा.

बॅकबेंचर_फर्मागुडी
😂

सत्तरीचा_राखणदार
तुम्ही सगळे पणजी-फोंड्याच्या नेटवर बोलताय. आमच्याकडे वाळपईच्या पुढे पाऊस लागला की लाइट जाते आणि टॉवरही मागोमाग जातो. गिटचं क्लोन, म्हणजे कोडची प्रत उतरवणं, मध्येच तुटलं तर पुन्हा पहिल्यापासून, अर्धवट राहिलेलं पुढे चालू होत नाही. मीडियाविकीचा वर्षानुवर्षांचा इतिहास खेचत बसण्यापेक्षा '--डेप्थ १' लावून फक्त आजचा कोड घ्यायला सांगा. शिबिरातही एकाच वायफायवर सगळ्या वर्गाने डॉकरच्या इमेज, म्हणजे कंटेनर ज्यावरून बनतो त्या जड फाइली, ओढल्या तर दुपारी चहाच पीत बसायचं.

यात मात्र मी डॉकरच्या बाजूने. 'डॉकर सेव्ह' करून इमेजची फाइल पेन ड्राइव्हवर घ्या, समोरच्याने 'डॉकर लोड' करायचं. इमेजसाठी नेट लागतच नाही. हाताने बसवायचं तर एपीटी (उबंटूत सॉफ्टवेअर बसवणारी आज्ञा) आणि कंपोझर प्रत्येक मशीनवर नेटकडेच धावणार.

मांडवीकाठ
कंपोझरने आणलेलं 'व्हेंडर' फोल्डरही कोडसोबत पेन ड्राइव्हवर देता येतं. एपीटीचं मात्र खरं, पीएचपी घरूनच बसवून या असं सांगावं लागेल.

आणि डॉकर "लोड केला की झालं" असं नसतं. मीडियाविकीच्या '.ईएनव्ही' फाइलमध्ये पोर्ट ८०८० लिहायचं, ते सगळे लिहितात. लिनक्सवर त्याच्या खाली आपला यूआयडी आणि जीआयडी, म्हणजे वापरकर्त्याचा आणि गटाचा क्रमांक, भरायचा असतो, तो राहतो. मग कंटेनरने बनवलेल्या फाइलींचा मालक रूट, म्हणजे मशीनचा सर्वाधिकारी. मुलगा लोकलसेटिंग्ज उघडतो, एक ओळ बदलतो, एडिटर म्हणतो परवानगी नाही. शेजारचा हुशार मित्र सांगतो, "रूट होऊन सीएचमॉड ७७७ मार, सगळ्यांना सगळी परवानगी." मारतो. चालतं. पुढे आयुष्यभर तेच मारत राहतो. वातावरण लपवून ठेवलं की हे असं शिक्षण होतं.

नाइटशिफ्ट_वेर्णा
ते डॉकरमुळे नाही, सूचना न वाचल्यामुळे. तुमच्या डब्ल्यूएसएलमध्येही खड्डे कमी नाहीत. कोड सी ड्राइव्हवर ठेवून आतून चालवला तर पान उघडेपर्यंत झोप येते, तो लिनक्सच्या होम फोल्डरमध्येच हवा. विंडोजच्या गिटने ओळींचे शेवट बदलले की शेल स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून बसते. हे मुलांना कोण सांगणार?

म्हापशेकर
दोघांनाही विचारतो, पॅच, म्हणजे आपण कोडमध्ये केलेला बदल, पाठवायचं काय? मीडियाविकीचा कोड गेरिट या तपासणीच्या साइटवर जातो. खातं, ओळख पटवणारी एसएसएच की, बदल पाठवणारं गिट-रिव्ह्यू, बदलासोबतच्या कमिट संदेशात चेंज-आयडी ही त्याची खूण आपोआप घालणारा हुक, हे आपल्या मशीनवरच करायचं. डॉकर असो नसो, फरक पडत नाही. विकी चालू झाली की लोक सेटअप झाला समजतात आणि अडतात ते इथेच. पॅच ज्याला खरंच पाठवायचाय त्याचा निम्मा दिवस यालाच जाईल.

मांडवीकाठ
हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं, घालतो. दुपारचं सत्र गेरिटचं.

सकाळचं असं करू: ज्यांच्याकडे उबंटू किंवा डब्ल्यूएसएल आहे ते हाताने बसवतील, मी त्यांच्यासोबत. बाकीचे नाइटशिफ्टताईंकडे, डॉकर घेऊन. माझं मत बदललेलं नाही, पण मुलांना आपल्या वादात ताटकळत ठेवायला नको.

नाइटशिफ्ट_वेर्णा
चालेल. इमेजचे पेन ड्राइव्ह मी भरून आणते. '.ईएनव्ही'चा नमुना यूआयडीच्या ओळींसकट छापून प्रत्येक टेबलावर ठेवीन, मग बघू किती जण ७७७ मारतात.

बॅकबेंचर_फर्मागुडी
सर, झॅम्प काढून टाकून येऊ की राहू दे?

मांडवीकाठ
राहू दे रे, प्रॅक्टिकलला लागेल. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का तेवढं घरून बघून या. ते बंद असलं तर माझ्याकडेही काही नाही आणि ताईंकडेही.